साक्षीदाराचं नाव

शिंदखेडा, जि. धुळे
२८ जून १९९२

प्रिय पुष्पा,
सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर पाहून दचकशील. दर संक्रांतीला तुझं कार्ड येतं आणि मी उत्तर देत नाही, हे साडेसात वर्षं चाललंय. आज मात्र मीच आधी लिहिते आहे.

सात आणि आठ सप्टेंबरला तुमच्या सेंट बर्नार्डचं पॅनेल इन्स्पेक्शन आहे. मराठी विषयासाठी शिंदखेड्याच्या शाळेतल्या प्रभारी मुख्याध्यापिका कुंदा बैसाणे येणार आहेत. म्हणजे मी. यादीत नाव वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. पॅनेलप्रमुखांना मी लगेच सांगितलं, की मी तिथे नोकरीला होते आणि मला काढून टाकलं होतं. ते म्हणाले, "मग तर शाळा माहीत आहे तुम्हाला, बरंच झालं."

माहीत कशी नसणार? पंच्याऐंशीच्या जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर फुटला. पेपर सापडला तो नेवे सरांच्या घरच्या शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या दप्तरात. पण सर मराठी विभागाचे प्रमुख, आणि मी दीड वर्षाची तात्पुरती बाई. त्यांनी प्रिन्सिपल फादर लोबोंना लिहून दिलं, की ऑफिसच्या कपाटातून पेपरची स्टेन्सिल मी काढली आणि मी बसवत असलेल्या नाटकातल्या माझ्या लाडक्या मुलांना दिली. सोबत एका साक्षीदाराचा जबाब होता, 'मी स्वतः पाहिलं' असा. नाव मला सांगितलं नाही. "ते गोपनीय आहे," एवढंच फादर म्हणाले. तासाभरात मी गेटबाहेर होते. दहावी ब ची मुलं व्हरांड्यात रांगेने उभी होती, पण एकाचीही हाक मारायची हिंमत झाली नाही. माझी ट्रंक उचलून एसटी स्टँडवर आले ते फक्त पी.टी.चे बोरसे सर.

नेवे सरांचं काय करायचं ते मी सप्टेंबरात बघेन. मला दुसरं नाव हवंय. तू सायन्सला आहेस, ऑफिसात तुझी ऊठबस आहे. माझी जुनी फाईल काढ आणि साक्षीदार कोण होता ते मला कळव. तुझ्याशिवाय तिथे माझं कोणी नाही.

तुझी,
कुंदा


जळगाव
१२ जुलै १९९२

प्रिय कुंदास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू मुख्याध्यापिका झालीस! फैजपूरला आईला कळवलं, तीसुद्धा म्हणाली, "पोरगी हुशारच होती."

इथलं सांगायचं तर आमच्या डिपार्टमेंटला आता तीन प्रयोगशाळा मिळाल्या आहेत. बेडूक कापायच्या तासाला आठवीची दोन पोरं हमखास चक्कर येऊन पडतात आणि वर्गातली बाकीची त्यांना उचलून न्यायला भांडतात, तेवढाच तास बुडतो. मराठी विभाग अजून जिन्याखालच्या त्याच खोलीत आहे. व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं की मैदानाला फेरी, हेही तसंच. त्यामुळे आपली पोरं पळण्यात पटाईत. फादर लोबो गोव्याला गेले, आता फादर ॲन्सेल्म आहेत. नेवे सर या वर्षी पर्यवेक्षक होणार असं सगळे धरून चाललेत.

फाईलचं विचारलंस. अगं, जुन्या कपाटाला वाळवी लागली होती. बरेच कागद गेले. तुझीही फाईल त्यातच गेली असणार.

कुंदा, एक सांगू? जाऊ दे ना आता. तू एवढी वर चढलीस, मागे वळून कशाला बघायचं? इन्स्पेक्शनला येशील तेव्हा माझ्याकडेच जेवायला ये. सोनल आता आठ वर्षांची झाली, तिला कुंदा मावशी बघायची आहे.

तुझी,
पुष्पा


शिंदखेडा
२० जुलै १९९२

प्रिय पुष्पा,

'जाऊ दे' म्हणालीस म्हणून सांगते, काय काय गेलं ते.

मी धुळ्याला घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ठरलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईने निरोप धाडला, 'पेपर फोडणारी सून नको.' दोन शाळांनी मुलाखत घेऊन नंतर जळगावला चौकशी केली आणि मला कळवलंच नाही. शेवटी इथे, जिथे वर्गांना छप्परही नव्हतं, तिथे जागा मिळाली.

आणि नाना. तुला ठाऊक आहे, ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बापाला राहवलं नाही, मला न सांगता रजा टाकून ते जळगावला आले आणि सेंट बर्नार्डच्या गेटवर अकरापासून चारपर्यंत उभे राहिले, फादर लोबोंना भेटायला. मुलांची मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, फादर त्यांच्यासमोरून गेले. भेटले नाहीत. घरी येऊन नाना एवढंच म्हणाले, "तू काही करं नही ना? मंग मान खाले घालू नको." त्यानंतर आजतागायत हा विषय त्यांनी काढलेला नाही. मी काढते. रोज, मनातल्या मनात.

नेवे सरांनी स्वतःची कातडी वाचवली, ते मला समजतं. पण त्या दुसऱ्या माणसाला माझ्याकडून कसला धोका होता? तो रोज माझ्यासोबत स्टाफरूममध्ये चहा पीत होता आणि 'मी स्वतः पाहिलं' असं त्याने लिहून दिलं. मला त्याला समोर उभं करायचंय.

वाळवी सगळं खात नाही, पुष्पा. नीट शोध.

कुंदा


जळगाव
१६ ऑगस्ट १९९२

प्रिय कुंदा,

उशीर झाला, रागावू नकोस. चाचणी परीक्षा होत्या, शिवाय यांची नंदुरबारला बदली झाली. रेल्वेची नोकरी, घर आवरायला चार दिवससुद्धा देत नाहीत.

नाव कळलं. सांगू की नको, असं करत आठवडा गेला. तुला वाईट वाटेल.

साक्षीदार बोरसे सर होते. अभिमन बोरसे.

ऑफिसातल्या जुन्या माणसाकडून कळलं. त्या वर्षी स्पोर्ट्सच्या सामानावरून त्यांची चौकशी लागणार होती, नेवे सरांनी ती मिटवली आणि बदल्यात हे लिहून घेतलं म्हणे. म्हणूनच तुझी ट्रंक उचलायला आले असतील, मन खात असेल. तीन वर्षांपूर्वी ते हार्टने गेले. गेलेल्या माणसावर काय राग धरायचा? आता तरी हे सगळं संपव.

तुझी,
पुष्पा


शिंदखेडा
२३ ऑगस्ट १९९२

प्रिय पुष्पा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला होता. "बाई, रडू नका, मी बघतो," म्हणाले होते. साडेसात वर्षं मी त्या एका माणसाच्या आठवणीवर जळगावात काही चांगलं होतं असं मानत आले. मेला म्हणून सुटला का तो?

त्यांच्या बायकोचा, रुक्माबाईंचा एरंडोलचा पत्ता माझ्याकडे होता. काल त्यांना पत्र टाकलं. तुमचा नवरा काय होता ते तुम्हाला कळायला हवं, असं लिहिलं. खोटी साक्ष देऊन त्याने एका पोरीचं आयुष्य मातीत घातलं आणि वर तिला रस पाजला, हेही लिहिलं. एक शब्द मवाळ केला नाही.

लिहून झाल्यावर पहिल्यांदाच मला शांत झोप लागली.

कुंदा


जळगाव
२७ ऑगस्ट १९९२

कुंदा,

रुक्माबाईंना कशाला लिहिलंस? त्या बिचारीचा काय संबंध? तिला दुसरं पत्र टाक, चुकून लिहिलं म्हणून कळव. माझ्यासाठी एवढं कर. बाकी भेटल्यावर बोलू.

पुष्पा


शिंदखेडा
१० सप्टेंबर १९९२

सौ. पुष्पा कोल्हे यांस,

दोन दिवस तू रजेवर होतीस. सोनलला ताप होता, असं कळलं. तेव्हा काय घडलं ते मीच सांगते.

सोमवारी दुसऱ्या तासाला मी दहावी ब मध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. नेवे सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. वळले, मला पाहिलं, आणि पुढचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. मी म्हटलं, "चालू द्या सर." चालू होईना. मग मीच उठले आणि मुलांना निबंध घातला, 'माझे वडील'. वीस मिनिटं.

सेहेचाळीस वह्या गोळा केल्या. पहिली उघडली. 'माझे वडील एसटीच्या डेपोत काम करतात. त्यांच्या हातांना डिझेलचा वास येतो. तो वास आला की आमच्या घरात संध्याकाळ होते.' दुसरी उघडली. 'माझे वडील एसटीच्या डेपोत काम करतात.' तिसरी, चौथी, विसावी. सगळ्या वर्गाच्या बापांच्या हाताला डिझेलचा वास!

पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "बाळ, तुझे वडील काय करतात?"
"डॉक्टर आहेत, मॅडम."
"आणि तुझे?"
"केळीचे व्यापारी."
"मग हे?"
"सरांच्या नोट्समध्ये असंच आहे, मॅडम. याला मार्क पडतात."

तो निबंध मी चौऱ्याऐंशी साली नमुना म्हणून मुलांना लिहून दाखवला होता. माझ्या नानांवर. मला घालवल्यावर माझी वही सरांनी ठेवून घेतली आणि तीच सायक्लोस्टाईल करून आठ वर्षं पोरांकडून घोकून घेतली. वर्गातून बाहेर पडताना मी त्यांच्याजवळ थांबले आणि म्हटलं, "सर, आमचे नाना बरे आहेत." त्यांच्या कपाळावर घाम होता. तो घाम मला डोळे भरून बघायचा होता. बघितला.

अहवालात मी माझं काही लिहिलं नाही. सेहेचाळीस निबंध जोडले आणि खाली एकच ओळ लिहिली, 'या वर्गात मराठी शिकवली जात नाही.'

आता तुझं.

मंगळवारी संध्याकाळी फादर ॲन्सेल्मनी मला ऑफिसात बोलावलं. वसईचे आहेत, मराठी स्वच्छ. म्हणाले, "तुमचं नाव यादीत पाहिलं तेव्हाच तुमची फाईल मी वाचून ठेवली. तुम्हीही वाचा." फाईल धडधाकट होती. वाळवीने तिला शिवलंसुद्धा नव्हतं.

साक्षीदाराचा जबाब अर्ध्या पानाचा आहे. 'बुधवारी दुपारी बैसाणे बाईंना कपाटातून स्टेन्सिल काढताना मी स्वतः पाहिलं.' अक्षर मी सहीपर्यंत जायच्या आधीच ओळखलं. दर संक्रांतीला येतं ते माझ्या घरी.

त्याच्या खाली आणखी एक कागद होता. बोरसे सरांचा, मला काढल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. 'बुधवारी दुपारभर बैसाणे बाई माझ्यासोबत मैदानावर स्पोर्ट्सच्या तयारीला होत्या. त्यांना ऑफिसात पाहिलं असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. चौकशीत मी कुठेही सांगायला तयार आहे.' त्यांना कोणी बोलावलंच नाही. बिचाऱ्यांनी मला कधी सांगितलंही नाही, की मी असं लिहून दिलंय. अशा माणसाला मी तुझ्या शब्दावरून खोटारडा म्हटलं. ते वाचायला तो नव्हता, म्हणून त्याच्या विधवेला वाचायला लावलं.

माझं आयुष्य तू नासवलंस त्याचा हिशेब वेगळा. पण मेलेल्या माणसावर ढकलताना तुला लाज वाटली नाही?

तुझं सोळा ऑगस्टचं पत्र माझ्याकडे जपून आहे. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत तू रुक्माबाईंकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने खरं सांगायचं. मग सगळ्या स्टाफसमोर उभं राहून सांगायचं. नाहीतर ते पत्र मी फादरांना, रुक्माबाईंना आणि तुझ्या नवऱ्याच्या नंदुरबारच्या पत्त्यावर पाठवेन. सोनल मोठी झाली की तिलाही देईन. मी विसरणाऱ्यांतली नाही, हे आता तुला कळलं असेल.

कुंदा बैसाणे


जळगाव
४ ऑक्टोबर १९९२

कुंदा,

मागच्या रविवारी एरंडोलला गेले. रुक्माबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माले वाचता येत नही. तुन्ह्या मैत्रीणनं कागद मनी नातनी वाची दाखाडं. पोर रडनी. मी तिले सांगं, रडू नको, आपला बाबा असा नव्हता." मग आत गेल्या, तुझं पत्र आणून माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. ते सोबत पाठवते आहे.

काल स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं. फादर, सगळे विभागप्रमुख, नेवे सर, सगळे होते. नेवे सर ओरडले, "बाईंचं डोकं फिरलंय!" मी म्हटलं, "फिरलं होतं ते पंच्याऐंशी साली." तुझ्या अहवालानंतर त्यांचं पर्यवेक्षकपद तसंही गेलं होतं, आता फादरांनी वरिष्ठांकडे चौकशी मागितली आहे. माझा राजीनामा मी पर्समध्येच नेला होता. फादरांनी तो वाचला आणि ठेवून घेतला.

तुझ्या धमकीमुळे केलं, हे कबूल करते. एरवी केलं नसतं.

आता जे विचारशील ते सांगते. त्या वर्षी आपण दोघी तात्पुरत्या होतो आणि कायम एकीलाच करणार होते. नेवे सरांनी मला बोलावून ते सांगितलं. सोनल तेव्हा सात महिन्यांची. भीतीपोटी सही केली, असं मी तुला लिहू शकले असते, आणि तू कदाचित अर्धं माफही केलं असतंस. पण ते पुरतं खरं नाही. माझ्या प्रॅक्टिकलमधून मुलं तुझ्या नाटकाच्या तालमीला पळायची. व्हरांड्यातून तू चाललीस की वर्गावर्गांतून 'बाई, बाई' व्हायचं. मला एकही पोरगा कधी हाक मारायचा नाही. जबाब लिहून खाली सही केली तेव्हा मला बरं वाटलं, कुंदा. तू गेटबाहेर पडेपर्यंत बरं वाटत होतं. नंतर कधीच वाटलं नाही.

यांना सगळं सांगितलं आहे. ते बोलत नाहीत. आता मी आणि सोनल नंदुरबारला जाऊ. तुमच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी असल्याची जाहिरात पेपरात पाहिली. नंदुरबारहून गाडी आहे. तू नको म्हणालीस तर अर्ज करणार नाही.

पुष्पा


शिंदखेडा
१४ ऑक्टोबर १९९२

पुष्पा,

पत्र मिळालं. सोबतचं माझं ते पत्रही मिळालं. चुलीत घातलं.

काल एरंडोलला मी जाऊन आले. रुक्माबाईंनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर बसले आणि बोरसे सरांच्या कागदाची नक्कल, जी फादरांनी मला दिली होती, ती वाचून दाखवली. "पुन्हा वाच," म्हणाल्या. पुन्हा वाचली. नातीला हाक मारली आणि म्हणाल्या, "आते तू वाच." पोरीने अडखळत वाचली. मग तिच्या हातून कागद घेतला आणि मला म्हणाल्या, "हाई मनाकडे राहू दे." मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हात डोक्यावर ठेवला नाही. मला तेवढंच मिळायला हवं होतं.

फादरांचं माफीचं पत्र शाळेच्या कागदावर, शिक्क्यासकट आलं. नानांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "त्या बाईनी नोकरी गई का?" म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "बरं झायं." नाना मनाने मऊ आहेत असं मला आजवर वाटत होतं. मी कोणावर गेले आहे ते आता कळलं.

मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करेन असंही वाटत नाही. ते माझ्याकडून मागू नकोस.

जागेचं विचारलंस. जूनपासून नववी-दहावीला विज्ञान शिकवायला कोणी नाही. शिपाई पुस्तकातून प्रश्नोत्तरं वाचून दाखवतो आणि मुलं उतरवून घेतात. माझ्या शाळेतही घोकंपट्टीच चालू आहे, आणि मार्चमध्ये बोर्ड आहे. तू चांगली शिकवतेस, हे मी कधीच नाकारलं नाही. अर्ज कर. निवड समितीवर मी आहे, तुझं नाव अडणार नाही.

चांगुलपणा म्हणून तुला घेते आहे असं मात्र समजू नकोस. रोज सकाळी माझ्यासमोरून हजेरीपटापर्यंत चालत जायचं आहे तुला. मी कोणाला काही सांगणार नाही. तुला मैत्रीण म्हणून बोलणार नाही, वैरीण म्हणूनही नाही. शाळेत मी तुला कोल्हे मॅडम म्हणेन. तूही मला कुंदा म्हणू नकोस.

दिवाळीनंतर सोळा नोव्हेंबरला शाळा उघडते. नंदुरबारहून सकाळच्या पॅसेंजरने निघालीस तर वेळेवर पोचशील. स्टेशनापासून शाळा वीस मिनिटांच्या चालीवर आहे. रस्ता कोणीही सांगेल. मी घ्यायला येणार नाही.

कुंदा बैसाणे